काल उठल्यापासून

हारमॅटनचा वारा सुटलाय. तामालेत
दार लावलं तरी धूळ आत येते,
प्रश्नावलीच्या कागदांवर बसते.
मी फुंकर मारते आणि विचारते,
काल उठल्यापासून काय काय खाल्लं?
आठवून सांग. चव नको, माप सांग.

पिशवीत मापं आहेत माझ्या :
प्लास्टिकच्या दोन वाट्या, एक डाव,
मांसमासळीसाठी रिकामी काड्यापेटी.
पुस्तकात तसंच आहे, पेटीएवढा तुकडा म्हणजे एक वाढप.
सुहुयिनी पेटी उलटसुलट करून बघतो.
'पेटी राहू दे गं वुनपिनी, काडी असेल तर दाखव.'
खोलीतले चौघं हसतात.
मी लिहिते : मासळी, वाळकी, काडीएवढी.
मग खोडते. तसा रकाना नाही.

रहिनातु सांगते संत्रं, काकडी, उकडलेलं अंडं,
पुन्हा संत्रं.
माझा चेहरा बघून एकेक पदार्थ वाढवत जाते,
पाहुणीच्या ताटात वाढावं तसं.
तिच्या बोटांना तळणीचा वास आहे.
मी दोन्ही संत्री लिहून घेते.

पहिला भाग ज्ञानाचा. वीस गुण.
लोह कशात असतं, चवळीत काय असतं,
न्याहारी टाळली तर काय होतं.
सगळे घडाघडा सांगतात, पाढे म्हटल्यासारखे.
(आईला यातलं एक उत्तर येणार नाही.
लोह म्हटलं की तिला कढई आठवते.
अंबाडीच्या पाल्यात ती शेंगदाण्याचं कूट घालते,
मी तिला समजावते, त्यात अमुक आहे, तमुक आहे,
ती ऐकून घेते आणि म्हणते, मग वाढू का?)

नापारीला वीसपैकी वीस.
गणिताचा मुलगा. लिंबू पिळलं की लोह अंगी लागतं,
हेही त्याला ठाऊक.
'काल सकाळी?'
'गारी.'
'कशात भिजवलीस?'
'पाण्यात.'
'साखर? शेंगदाणे? दूध?'
'पाण्यात,' तो पुन्हा म्हणाला,
जणू मला नीट ऐकू आलं नव्हतं.
'दुपारी?'
'कसाव्याचा रवा तो, फुगतो.
दुपारपर्यंत फुगतच होता.'
'रात्री?'
त्यानं खिडकीकडे बघितलं. खिडकीत धूळ.

जेवण चुकलं असल्यास कारण :
वेळ नव्हता. भूक नव्हती.
वजन कमी करायचं आहे. इतर.
हे चार पर्याय मीच टाइप केले होते,
पोटभर जेवून, पंख्याखाली.
'इतर'पुढची रेघ दोन बोटं लांब.
शुक्रवारी फी भरायची शेवटची तारीख होती,
हे मला माहीत होतं, त्यालाही होतं,
पण या ज्ञानाला गुण नव्हते.
रेघ कोरी ठेवून मी पान उलटलं.

रात्री आकडे मांडत बसले.
ज्ञान : उत्तम, शंभरात चौऱ्याहत्तर.
सवयी : असमाधानकारक.
मधे एक वाक्य हवं होतं, जाणीव वाढवायला हवी असं काहीतरी.
सगळ्या प्रबंधांत ते असतं. मी लिहिलं.
मग भूक लागली म्हणून उठले,
स्वच्छ भांडं नव्हतं, तर मापाच्याच वाटीत गारी घातली.
मोठी वाटी, एक. काठोकाठ.

सकाळी फाटकाजवळच्या बाईकडून
बाजरीची गरम आंबील घेतली, आल्याच्या चरचरीत वासाची,
आणि कागदात चवळीची चार भजी.
नापारीच्या दारावर टकटक केली.
'वीसपैकी वीसला विभागाकडून बक्षीस असतं.'
'असतं?'
'असतं.'
माझ्याकडे बघत तो जरा वेळ उभा राहिला.
मग बाजूला सरकून त्यानं मला खुर्ची दिली,
स्वतः खाटेच्या कडेवर बसला,
दोन भजी माझ्याकडे सरकवली,
आणि इतकं सावकाश खाऊ लागला
की मलाच घाई झाली.
कागदावर तेल पसरत गेलं.
'हे तुझ्या नोंदीत धरणार?' त्यानं विचारलं.
'नाही,' मी म्हणाले,
'मी फक्त कालचं विचारते.'